पाइपची चीर

मंगळवार, मोशी. संध्याकाळ.

चहा केला, प्यायलेच नाही. ती चीर डोक्यातून जात नाही.

चाकणच्या कंपनीला वायर आत घालायची होती, म्हणून आडव्या आर्मच्या गोल पाइपला मी लांबीभर चीर दिली. तीनच मिलिमीटरची. खाली उभ्या माणसासाठी आर्मच्या एका बाजूला जड टूल टांगणार, म्हणजे पाइपला पीळ पडणारच. सॉफ्टवेअरमध्ये छेद काढून बघितला, पिळाचा म्हणून वाचला तो आकडा जेमतेम कमी झाला. ड्रॉइंगवर सही केली. दोन आर्म चाकणला गेले, बसवलेसुद्धा.

आज आमचे जुने फिटर शिंदेकाका म्हणाले, "मॅडम, जरा हिकडं या." तिसऱ्या आर्मचा पाइप त्यांनी व्हाइसच्या शिकंज्यात धरला, दुसऱ्या टोकाला पान्हा लावून पिळला. चिरेच्या कडा एकमेकींवरून सरकल्या. "चीर नसती तर हालला नसता बगा."

मी वाचला तो आकडा पिळाचा नव्हताच, छेदातलं लोखंड मध्यापासून किती लांब पसरलंय एवढंच तो सांगतो. बिनचिरेच्या गोल पाइपला दोन्ही आकडे सारखेच येतात, म्हणून इतकी वर्षं खपलं. कॉलेजात शिकले होते ना हे? शिकले होते. मग?

आमचे साहेब म्हणतात, "चिरेवर गुपचूप पट्ट्या वेल्ड करून देऊ, बोभाटा कशाला?" आणि तोवर? ती चीर काय साहेबांची वाट बघणार?

शेवटी मीच चाकणच्या सुपरवायझरला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "मॅडम, आर्म एक नंबर झालाय! अजून चार द्या."

"आधी त्याच्या खाली उभा असलेला माणूस बाजूला करा," मी म्हटलं.