कैलारसच्या पुढचं वळण

दाना ओली, लश्कर, ग्वाल्हेर
२२ नोव्हेंबर २०२४

प्रिय लीले,

दादाचे आशीर्वाद. इथे सगळे ठीक. गुडघे सोडले तर मीही.

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. मागोमाग तुझ्या उत्कर्षचा फोन. म्हणाला, मामा, आईला समजवा, बहात्तराव्या वर्षी कुणी कायमचं माहेरी जातं का, सबलगढमध्ये लोग क्या कहेंगे. मी म्हटलं, लोकांना माझा नंबर दे. मग विषय बदलायला तो आमच्या ग्वाल्हेर-सबलगढच्या छोट्या लाइनीवर, त्या अरुंद रुळांच्या गाडीवर घसरला. ताशी वीस किलोमीटरनं रांगणाऱ्या त्या कोळशाच्या गाडीत तुम्हा म्हाताऱ्यांना एवढं दिसतं तरी काय, म्हणे.

अर्धा तास ऐकवलं त्याला. गोरखीच्या शाळेत घोकलेली वृत्तं मला खरी समजली ती इंजिनावर, लीले. सपाटीला भुजंगप्रयात, चढाला धापा टाकणारी मंदाक्रांता. शेतातून कुणी गमछा हलवला की मी गाडी थांबवायचो. आमच्या लाइनीचा तो रिवाजच. जौऱ्याची ताकवाली, उशीर झालेले मास्तर, एकदा तर फेटा उडालेला नवरदेव. आजच्या गाड्या थांबवून दाखव म्हटलं गमछा हलवून. रूळ उखडले म्हणून काय झालं? ते दिवस सोन्याचे होते, आणि हे म्हणायला मी कुणाची परवानगी घेणार नाही.

फोन ठेवला, आणि मग जेवण गेलं नाही. ज्यांच्यासाठी थांबलो ते सगळे सांगितले होते. जिच्यासाठी थांबलो नाही, ती राहिली होती.

तुझी पाठवणी माझ्याच गाडीतून झाली. कैलारस सुटलं, वळणावर मी मागे पाहिलं. दुसऱ्या डब्याच्या खिडकीतून तू पिवळी शाल हलवत होतीस. निरोपासाठी नव्हे. गाडी थांबवण्यासाठी, दोन्ही हातांनी. माझा फायरमन दौलतसिंह, त्यानं फावडं खाली ठेवलं. "उस्ताद, बिटिया रुकवा रही है।"

मी म्हणालो, "कोयला डाल."

धुरात दिसलं नाही, असं तुला पुढे सांगितलं. वारा त्या दिवशी उलट होता. लख्ख दिसलं. पुढच्या डब्यात तुझे सासरे रघुनाथराव बसले होते. थांबलो असतो तर तू उतरली असतीस, आणि मुलीचा बाप म्हणून लश्करभर आपल्या नानांची मान खाली गेली असती. तेवढंच सुचलं मला. ताकवालीसाठी थांबणारा मी.

तुला का उतरायचं होतं, हे पन्नास वर्षांत मी विचारलं नाही. वाटलं तर सांग. माफी मात्र मागत नाही. माफी मागून म्हातारी माणसं मोकळी होतात. मला मोकळं व्हायचं नाही.

तर ऐक. "येऊ का" असं विचारतेस, ते विचारू नकोस. पुढची खोली रिकामी केली आहे. सूनबाई विनिता म्हणाली, बरं होईल, बाबांना रोज भांडायला आत्या मिळतील. उत्कर्षला राग आला तर येऊ दे, आईवर रुसलेली मुलं जगात पुष्कळ आहेत.

पुढच्या रविवारी सकाळच्या बसनं मी निघतोय. भर दुपारी, सगळे जेवून अंगणात बसलेले असताना, पुढच्या दारानं तुला घेऊन बाहेर पडेन. पेटी भरून ठेव.

हे पत्र आधी उत्कर्षच्या हाती पडलं तरी हरकत नाही. त्यानं ते सगळ्या घराला मोठ्यानं वाचून दाखवावं. माझ्या वाट्याचं काही गाळू नये.

तुझा भाऊ,
रमाकांत