सरस्वतीपुढचा तोफांचा बिल्ला

अप्पा, तुमच्या जर्मन बिल्ल्याचा पत्ता लागला. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, आणि मुलुंडची आपली इमारत आता पाडायला काढलीय म्हणून कपाट रिकामं करावं लागलं. नाहीतर मी काही त्याला हात लावणार नव्हते. नखाएवढा, लंबगोल, मागे टाचणी, पुढे एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन तोफा, खाली एक आकडा. तोफा मला लहानपणीही दिसत होत्याच. पण तुम्ही सांगितलं होतंत की जर्मनीत संस्कृत पंडितांचा असा गौरव करतात, आणि माझ्या जन्माआधी तुमच्याकडे पंधरा दिवस उच्चार शिकायला आलेल्या एका म्हाताऱ्या जर्मन गृहस्थाने निघताना कोटावरून काढून तो तुम्हाला दिला. आपल्याकडे जर्मन म्हटला की पंडितच, पुढे कोण विचारतो. तोफांचा बिल्ला खरं तर खंडेनवमीला पुजायचा. तुम्ही तो दुसऱ्या दिवशी सरस्वतीच्या पाटीवर ठेवत होतात आणि शिकवणीची सगळी मुलं त्याला फूल वाहत होती.

"जो माझ्या परीक्षेला उतरेल, त्याच्या छातीवर हा मी स्वतः लावीन," हे तुमचं दसऱ्याचं ठरलेलं वाक्य. कुणीच उतरलं नाही. मी बोर्डात संस्कृतात पहिली आले त्या दिवशी आई पोळ्या भाजतेय, मी शेजारी लाटतेय, आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून गुणपत्रिका दोनदा वाचता. मी पोळपाट सोडून उठले, पिठाचे हात ओढणीला पुसले, कारण मला वाटलं, आता. तुम्ही म्हणालात, "बोर्डाचं ठीक आहे. बिल्ल्याला अजून वेळ आहे." एम.ए.ला तेच. पीएच.डी.लाही तेच, फक्त तेव्हा तुम्ही चष्मा काढला होतात. आई एकदा म्हणाली, "अहो, देऊन टाका ना पोरीला. बरोबर घेऊन जाणार आहात का?" त्यावर तुम्ही तिला एक सुभाषित ऐकवलंत.

भांडुपला एक गृहस्थ जुनी नाणी, पदकं, बिल्ले जमवतात. बँकेतून निवृत्त, बोलणं फटकळ. त्यांनी बिल्ला भिंगाखाली धरला आणि आधी मलाच विचारलं, हे घासलंय कुणी? मी म्हटलं, मीच. दर दसऱ्याला, देवांच्या उपकरणीबरोबर, चिंच लावून. "वाट लावलीत ताई. कडेला अक्षरं होती, सगळी गेली. नुसत्या आकड्यावरून काय सांगू?" घरात कुठे लिहून ठेवलेलं असेल तर बघा, म्हणाले. म्हणून मी तुमचा जर्मन शब्दकोश उघडला. शेवटच्या पानांत चिठ्ठी होती. बिल्ल्यावरचा मजकूर तुमच्या वळणदार अक्षरात जसाच्या तसा उतरवलेला आणि खाली तुमचं भाषांतर: पुनर्मिलनोत्सवः. विसर्गासकट.

चिठ्ठी दाखवल्यावर त्यांना तासाभरात पत्ता लागला. तोफखान्याची एक पलटण, पहिल्या महायुद्धात लढलेली. त्यातली वाचलेली माणसं पुढे छावणीच्या गावी जमली, त्या मेळाव्याचा बिल्ला. पदक नव्हे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी विचारलं, मग हे बिल्ले कुणाला द्यायचे? ते चहा ओतत होते.

"जो येईल त्याला. दारातच. लावा आणि आत जा."

म्हणजे अक्षरं झिजायच्या आधीपासून तुम्हाला माहीत होतं. फसला असतात तर मी हसले असते, जन्मभर तुमच्या पंडितांची चेष्टा केली असती. पण तुम्ही शब्द काढलात, अर्थ लावलात, चिठ्ठी कोशात दडवलीत, आणि पुढच्या दसऱ्यांना तोच बिल्ला पाटीवर ठेवून आम्हाला परीक्षेला बसवलंत. हजेरीचा बिल्ला, अप्पा! शेवटच्या वर्षी कॉलेज सुटलं की रोज घाटकोपरहून येऊन मी तुम्हाला भात भरवत होते, आणि तुम्ही घास गिळून माझ्या उच्चारातल्या चुका काढत होतात. कपाट तुमच्या उशाशी होतं. खोटं बोललात ते एक वेळ सोडते. एकदा हात लांब करून लावला असतात तर तुमचं काय गेलं असतं?

गेल्या रविवारी तुमचे जुने विद्यार्थी जमले होते, इमारत पडायच्या आत ती खोली एकदा बघू म्हणून. चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. सगळ्यांसमोर वाचून दाखवायची, एवढ्यासाठीच आणली होती. तुमचा सर्वांत जास्त ओरडा खाल्लेला जो, त्याने विचारलं, "काय गं, तो बिल्ला शेवटी मिळाला कुणाला?" मी म्हणाले, मला. जायच्या आदल्या आठवड्यात अप्पांनी स्वतः लावला. तो म्हणाला, "मिळायलाच हवा होता," आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या. हे पत्र काही कुठे जायचं नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. मला फार बरं वाटलं, अप्पा.