गोंदिया जिल्ह्यापुरते मर्यादित

मुर्री, गोंदिया
दिवाळीच्या आधीचा रविवार, २०१६

तीर्थस्वरूप सौ. अन्नपूर्णाताईस,

धाकट्या जागेश्वरचा वाकून नमस्कार. (वाकून हा शब्द जपून लिहितो आहे, कंबरेला मलम लावलं आहे, कारण खाली येईलच.) भाऊजींचा खोकला कसा आहे? धान कापणीला आलं का? इकडे सगळे मजेत. तुझा लोकेश बालाघाटला सुखरूप पोहोचला असेल आणि त्याने आपल्या पराक्रमाची हकिगत सांगितलीही असेल. ती अर्धीच धर. उरलेली माझ्याकडे आहे.

झालं असं, की माझ्या नेट कॅफेतर्फे मी इथल्या लग्नाच्या लॉनवर कॉम्प्युटर गेमचे सामने ठेवले. पाच विरुद्ध पाच, पडद्यावर बंदुका. (भाऊजींना सांग, कोणी मरत नाही, मेलेला पोरगा बाजूला बसून समोसा खातो आणि पुढच्या डावात पुन्हा उठतो.) आता प्रश्न आला, सामने खुले ठेवायचे की जिल्ह्यापुरते? समितीत दोघेच, मी आणि लॉनचे मालक गोवर्धनजी. एका चहात ठराव पास : फक्त गोंदिया जिल्हा. नागपूरच्या पोरांच्या घरी वेगवान नेट, खुर्च्या अशा की दाताच्या डॉक्टरकडेही नसतील. ती येणार, आमच्या पोरांना लोळवणार, कप घेऊन जाणार. आणि देवरीच्या ज्या पोराने वीज असेल तेवढाच सराव केला, त्याने काय टाळ्या वाजवायच्या? माझं हे भाषण ऐकून गोवर्धनजींचे डोळे पाणावले. (त्यांना मोतीबिंदू आहे, पण तरीही.)

विरोध झाला तो घरातून. आपली प्राची एका टीमची कप्तान. मी तिला शब्द दिला होता, हा कप जिंक, नागपूरच्या खुल्या सामन्यांना पाठवतो. नाही जिंकलीस तर माउस खाली ठेवून बारावीच्या अभ्यासाला लाग. जिल्ह्यात तिला हरवणारं कोणी नाही, म्हणजे गेट बंद ठेवलं की पोरीचं नागपूर पक्कं. तर ती मलाच म्हणते, "बाबा, ज्यायले रोज हरवतो त्यायलेच पुन्हा हरवून मले का समजन? गेट खुलं ठेवा." मी म्हटलं, तुझ्या भल्यासाठीच आहे. तर म्हणे, "मंग कप घरीच आणून द्या ना, मंडप कायले टाकून राहिले?" आणि तिने माझ्याशी बोलणंच टाकलं.

सामन्यांच्या दिवशी मी गेटवर उभा. छातीवर 'मुख्य संयोजक' असा बिल्ला, हातात माइक. राजनांदगावची एक टीम मी आधार कार्ड बघून जाहीरपणे परत पाठवली होती, त्यामुळे अंगात वारं भरलेलं. तेवढ्यात बालाघाटची जीप आली आणि पहिला उतरला तो तुझा लोकेश. ताई, आपल्याकडे भाचा दिसला की मामाने पाया पडायचं. त्यात विचार कुठे असतो? माइक चालू, बिल्ला लोंबतो आहे आणि मी वाकलो. वर उठलो आणि म्हणालो, जिल्ह्याबाहेरच्यांना प्रवेश नाही. लोकेश हात जोडून म्हणाला, "मामाजी, खेलने तो दो. हारे तो चुपचाप चले जाएंगे." मी काही बोलायच्या आत गोवर्धनजी कडाडले, "काऊन गा जागेश्वर, ज्याच्या पाया पडला त्यालेच हाकलून राहिला?"

याला नियमात उत्तर नव्हतं. म्हणून नवा नियम केला : ज्याचा मामा जिल्ह्यात, तो पोरगा जिल्ह्यातला. बघता बघता राजनांदगावची टीम मामांसकट परत हजर. मंडपवाल्या कवडूला तर कधी न पाहिलेला भाचा सापडला, आणि तोही मुकाट्याने वाकला. ज्यांना इथे मामा मिळेना, त्यांचा मामा मुख्य संयोजकाला व्हावं लागलं. (कंबरेचं कारण ते हे.) अशा रीतीने 'खुले' हा शब्द कोणीही न उच्चारता सामने खुले झाले.

फायनल प्राची आणि लोकेशच्या टीमची. आमची पोरं लोळतात म्हणून मी डोळे मिटायच्या बेतात होतो, पण ती शेवटच्या डावापर्यंत बरोबरीत होती! शेवटी प्राची एकटी आणि समोर तिघं. दोघांना तिने पाडलं; तिसरा लोकेश. हरली. मला वाटलं आता रडेल. ती खुर्ची ओढत लोकेशजवळ गेली आणि तू त्या कोपऱ्यातून आलास कसा, हे विचारत बसली. ताई, जिंकल्यावरसुद्धा मी तिला एवढी खूश पाहिली नव्हती. हेच तिला मिळू नये म्हणून मी गेट लावून बसलो होतो की काय!

लोकेश म्हणाला, नागपूरला आमचा एक गडी येत नाही, प्राची आमच्याकडून खेळेल. आणि मी, अख्ख्या मंडपासमोर, माइकवर बोललो, शब्द म्हणजे शब्द, हरली ना, आता अभ्यास. तेव्हापासून पोरगी खरंच निमूट अभ्यास करते आहे. घरात बसवत नाही.

असो. भाऊजींना नमस्कार, लोकेशला आशीर्वाद द्यायचा की नमस्कार सांगायचा ते तूच ठरव.

तुझा,
जागेश्वर

ता. क. गुरुवारी रात्री जेवणाच्या वेळेला फोन करून मला रागाव. मी फोन स्पीकरवर ठेवीन. मोठ्या बहिणीचा हुकूम आहे, पोरीला नागपूरला पाठव, असं म्हण. मी दोनदा नाही म्हणेन. तू ऐकू नको.

ता. क. गुरुवारच्या पुढे ढकलू नको. रेल्वेची तिकिटं शुक्रवारची आहेत. तिचं आणि माझं.

ता. क. आत्या, हे पत्र डब्यात टाकायला बाबांनी मलेच देलं, पाकीट न चिकटवता. गुरुवारी तू जोरात रागाव, मी रडाची तयारी करून राहिली. बाबा दोनदा नाही म्हणतो म्हणतेत, पण ते पयल्याच वेळेले हो म्हणून बसतीन. तवा जरा सांभाळून घेजो. — प्राची