यादीतील अनुक्रमांक सात

प्रति,
मे. तालुका मॅजिस्ट्रेट साहेब,
तालुका कचेरी, यांचे सेवेशी.

अर्जदार : उद्धव रामजी थोपटे, वय ५८, धंदा शेती, भैरवनाथ भजनी मंडळाचा विणेकरी, राहणार मौजे रहाटणी.

विषय : नजरेखालील इसमांच्या यादीत अनुक्रमांक सातपुढे लिहिलेला गुन्हा अर्जदाराचे नावी चढवून ज्योतीराम यास मोकळे करणेबाबत.

संदर्भ : (१) माझा अर्ज, दि. १६ ऑगस्ट १९५५. (२) कचेरीचा हुकूम, दि. २१ सप्टेंबर १९५५. (३) माझे ऑक्टोबर महिन्यातील तीन अर्ज. तिन्हींची पोच मजजवळ आहे, उत्तर नाही.

महोदय,

सविनय अर्ज करतो ऐसा की, हा माझा पाचवा अर्ज आहे. पहिल्या अर्जाने मी अकरा पोरांना अडकविले, व पुढील तिन्हींनी ती गाठ सुटली नाही. सबब यावेळी त्या तिन्हींप्रमाणे कोणाकडून लिहवून न घेता स्वतः लिहीत आहे. अक्षर व भाषा यांत उणे असेल ते पोटात घालावे.

१. रहाटणी व काळेवाडी यांमध्ये एक ओढा आहे. गेल्या सालच्या चैत्रात भैरवनाथाच्या जत्रेत पालखी ओढ्यातून अगोदर कोणी न्यावी यावरून दोन्हीकडच्या पोरांत काठ्या चालल्या. चौघांची डोकी फुटली. पालखी दुपारपर्यंत वाळूत टेकलेली राहिली, तिला खांदा द्यावयास कोणी धड उरले नव्हते. त्यानंतर तालमीत, गिरणीवर, पाणवठ्यावर, जेथे गाठ पडेल तेथे पोरे एकमेकांस अडवू लागली. तेव्हा मी, काळेवाडीचे दत्तोबा पाटील व आमच्या कीर्तनास बुक्का-उदबत्ती पुरविणारे बरकतभाई आतार असे तिघे बसलो. बरकतभाई म्हणाले, "उद्धवराव, पोरांच्या हातातली काठी काढून घेतली तर हात रिकामा ऱ्हातो. रिकाम्या हाताचं काय करनार तुमी?" मी म्हटले, टाळ देतो.

२. त्याप्रमाणे रहाटणीचे पाच व काळेवाडीचे पाच असे दहा टाळकरी आणि मृदंगावर बरकतभाईंचा मुलगा अजीज, असे अकरा जण दर रविवारी सायंकाळी पाच वाजता चावडीमागील रिकाम्या खोलीत जमवू लागलो. टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर बसविल्या, ओढ्याअलीकडच्यासमोर पलीकडचा. ताल चुकू द्यावयाचा नसेल तर समोरच्याच्या हाताकडे बघावे, असा दंडक घातला. ही युक्ती माझी नव्हे. माझा चुलतभाऊ मालोजी यास डाव्या कानाने मुळीच व उजव्याने जेमतेम ऐकू येते. तो गेली कित्येक वर्षे समोरच्याचे हात बघूनच टाळ धरतो व त्याचा ठोका कधी चुकत नाही. पोरांना प्रथम ते जड गेले. ज्याचे डोके फोडले त्याच्या हाताकडे तासभर बघत बसावयाचे! पण महोदय, भजन चालू होते तोवरच्या जवळजवळ दीड वर्षात या अकरांपैकी एकानेही कोणावर हात उगारला नाही. यंदाच्या जत्रेत पालखी दोन्हीकडच्या खांद्यांवरून ओढा पार झाली. तेव्हा दत्तोबा पाटील पाण्यात उभे राहून रडले व वर, ऊन लागतंय डोळ्यांना, असे म्हणाले.

३. आषाढात तलाठ्यामार्फत कचेरीचे परिपत्रक आले की, तरुणांच्या मारामाऱ्यांस आळा घालून त्यांस सन्मार्गास लावणाऱ्या मंडळांची नोंद होणार आहे. आम्हांस हर्ष झाला. खोली कायम मिळावी व एक गॅसबत्ती मिळावी, एवढेच मागावयाचे ठरले. फॉर्मात एक रकाना होता, "सभासदांची नावे व पूर्वपीठिका". येथे माझे हातून जे घडले ते खुलाशाने सांगणे भाग आहे.

मी वयाच्या दहाव्या वर्षापासून कीर्तने ऐकत आलो आहे. ह. भ. प. मोरेश्वरबुवा आळेकर यांचे कीर्तन पंचक्रोशीत जेथे असेल तेथे मी पायी गेलो आहे. बुवा उत्तररंगात आख्यान लावीत, तेव्हा प्रथम त्या माणसाची पापे सांगत. एकावर एक अशी रचीत की, बाया पदर तोंडाला लावून म्हणत, "आता कसं व्हायचं गं बाई ह्याचं?" आणि मग बुवा एका दमात त्यास देवाच्या पायाशी नेऊन घालीत. बुवा सांगत की, दोष सांगताना हात आखडू नये, म्हणजे कृपेचे मोठेपण ध्यानात येते. मी फॉर्म त्याच रीतीने भरला. पहिल्या पानावर अकराही पोरांचे दोष लिहिले व पुरवणीच्या पानावर प्रत्येकाचा पालट. दोषांत हात आखडला नाही. अनुक्रमांक एकपुढे लिहिले की, ह्याच्या नुसत्या नावाने ओढ्यावरील म्हशी पाणी सोडून पळत. अनुक्रमांक चारने एका हाताने तिघांस लोळविले असे लिहिले. वास्तविक ते तिघे शेवाळावरून घसरले होते. अजीजने जत्रेत ढोलकी फोडली हे खरे आहे, परंतु ती त्याची स्वतःची होती.

४. दोन्ही पाने मी सुईदोऱ्याने शिवली होती. गॅसबत्तीची मागणी पुरवणीच्या शेवटी होती, म्हणून कचेरीत दोरा उसवून पुरवणी दिवाबत्तीच्या टेबलावर गेली. तेथे बत्ती शिल्लक नसल्याने ती दप्तरी दाखल झाली. पहिले पान एकटेच पुढे पोलिसांकडे गेले. कीर्तन आख्यानाच्या मध्यावर थांबले व श्रोते उठून गेले, तसे झाले. दि. २१ सप्टेंबरच्या हुकुमाने अकराही जण नजरेखालील इसम ठरले असून त्यांनी दर रविवारी सायंकाळी पाच ते सात चौकीत हजेरी द्यावयाची आहे. चुकल्यास वॉरंट.

५. पाच ते सात ही आमच्या भजनाची वेळ. पोरे भजनास बसली तर फरारी होतात व चौकीत बसली तर मंडळ बंद पडते. मंडळ बंद पडले म्हणून ऑक्टोबरात कचेरीचे दुसरे पत्र आले की, उपक्रम चालू नसल्याने त्याची नोंद करता येत नाही. आणि नोंद नसल्याने पोरे सुधारली यास कागदोपत्री आधार नाही. मी कचेरीत जाऊन हे कारकून भाऊसाहेबांचे नजरेस आणले. ते मनाने चांगले आहेत. मला बसावयास स्टूल दिले व म्हणाले, "बाबा, यादीत नाव घालायची रीत आहे, काढायची माझ्या माहितीत नाही. मजकूर खोटा होता असं तुम्ही लिहून द्या, मग बघू. पण सहीनिशी खोटं लिहिलं म्हटल्यावर खटला तुमच्यावर. आणि खोट्या माणसाचा अर्ज पोरांच्या कामी खरा कोण धरणार?" मी विचारले, मग काय करू? ते म्हणाले, "अर्ज करा."

६. चौकीचे जमादार हिंदुराव यांचाही नाइलाज आहे. मला म्हणाले, "अण्णा, पोरं गुनाची हाईत, आंधळ्याला बी दिसंल. पर वहीत बसल्यात ना." टाळ घेऊन बसू द्यावे अशी विनंती मी त्यांस केली, तर हजेरीस आलेल्या इसमाजवळ धातूची वस्तू असू नये असा नियम निघाला. त्यामुळे पोरे व्हरांड्यात सवयीने समोरासमोर दोन रांगांत बसतात आणि हात मांडीवर ठेवून दोन तास एकमेकांकडे बघतात. पहिले दोन रविवार हसण्यात गेले. अजीज म्हणे, "जमादारसाहेब, निदान मांडीवर तरी ठेका धरू द्या, मांडी धातूची न्हाई." तिसऱ्या रविवारी कोणी म्हणाले, हे तुमच्या गावच्या म्हाताऱ्यामुळे झाले. पाचव्या रविवारी जुन्या जत्रेचा विषय निघाला. गेल्या रविवारी, दि. २० रोजी, अनुक्रमांक दोनने अनुक्रमांक आठची गच्ची धरली. जमादार मध्ये पडले म्हणून निभावले, व त्यांनी ते वहीत लिहिले नाही. हे मी येथे लिहून त्यांस अडचणीत आणीत असेन तर ते वाक्य कृपया वाचू नये. दीड वर्षात जे हात टाळाला लागले होते ते आठ रविवारांत पुन्हा मोकळे झाले, एवढेच मला सांगावयाचे आहे.

७. आता अनुक्रमांक सात. ज्योतीराम, वय १९, राहणार काळेवाडी. बाप लहानपणीच वारला. आई कौशल्याबाई हिने दुसऱ्याच्या मळ्यात खुरपून त्यास सातवीपर्यंत शिकविले. पिंपरीकडे नवीन होत असलेल्या कारखान्यात फिटरचे काम शिकण्यासाठी त्याची निवड झाली आहे. आमच्या दोन्ही गावांतून तो पहिलाच. दि. ३० नोव्हेंबरपूर्वी चालचलणुकीचा दाखला हजर करावयाचा आहे. दाखला चौकीतून मिळतो, व यादीत नाव असेतोवर चौकी तो देत नाही. यादीत त्याच्यापुढे असे लिहिले आहे : "यात्रेत सख्ख्या चुलतभावाचे डोक्यात मागून काठी घातली. तो इसम कायमचा बहिरा झाला."

कौशल्याबाई हे कोणाकडून तरी वाचवून घेऊन माझ्या दारी आली. भांडली नाही. एवढेच म्हणाली, "अण्णा, माझ्या पोराला चुलतभाऊच न्हाई वं. मग त्यानं कुनाचा कान फोडला?"

ज्योतीराम तिच्या मागे उभा होता. त्याने आपल्या टाळांची जोडी माझ्या ओट्यावर ठेवली. "हे ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी," एवढे बोलून तो गेला. त्या दिवसापासून मला वीणा हाती घेववत नाही.

८. महोदय, ज्योतीरामने आजवर कोणास बोटही लावलेले नाही. त्या चैत्रातही तो काठी घेऊन नव्हे, तर पालखी भिजू नये म्हणून ओढ्यात उतरला होता. फॉर्म भरताना दहा पोरांचे दोष मिळाले; सातव्यापुढे लिहावयास मजजवळ काही नव्हते. जागा रिकामी ठेवली तर आख्यान मध्येच लंगडे पडेल असे वाटले. म्हणून मला जे एक खरे पाप पक्के ठाऊक होते ते मी त्याच्यापुढे लिहिले. ते माझे आहे.

सन १९१७ च्या जत्रेत, वयाच्या विसाव्या वर्षी, पालखीचा पुढचा दांडा कोणी धरावा यावरून माझी व मालोजीची बोलाचाली झाली. तो पाठमोरा होऊन वाकला तेव्हा मी काठी घातली. गर्दीत कोणी मारले हे कोणास कळले नाही, किंवा कळून कोणी बोलले नाही. मालोजीस कळले होते. तेव्हापासून अडतीस वर्षे तो कीर्तनात माझ्यासमोर बसतो व माझ्या हातांकडे बघून टाळ धरतो. आम्हां दोघांत त्या काठीचा शब्द कधी निघाला नाही. एवढी कीर्तने ऐकली, दुसऱ्यांच्या पापांना डोळे पुसले, आणि स्वतःचे पाप प्रथम लिहावयाची वेळ आली तेव्हा ते एका विधवेच्या पोराच्या नावापुढे लिहिले.

९. मागील आठवड्यात मी हे मालोजीस सांगितले. मोठ्याने सांगावे लागले, त्यामुळे आळीलाही कळले. तो धोतर सावरून उठला व चौकीत गेला, मी मागोमाग. तेथे पोरांची रविवारची हजेरी चालू होती. जमादारांनी त्याच्या उजव्या कानाशी ओरडून विचारले की, ज्योतीरामने तुम्हांस मारले काय? मालोजी म्हणाला, "आवो, मला मारलं तवा ह्याचा बा पाळन्यात व्हता!" चौकी हसली, पोरेही हसली. मग जमादारांनी विचारले, मारले कोणी? मालोजीने मजकडे बोट केले नाही. "ते ज्याचं त्यानं लिवावं," असे म्हणून तो बाकावर बसून राहिला. सबब मी लिहीत आहे.

१०. तरी मायबाप सरकारास प्रार्थना की, अनुक्रमांक सातचा मजकूर खरा असून त्यापुढील नाव तेवढे खोटे आहे, असे धरावे. म्हणजे मजकूर खोटा ठरवावा लागत नाही व कचेरीच्या रीतीसही बाध येत नाही. ते नाव उद्धव रामजी थोपटे असे दुरुस्त करावे. खोटे नाव लिहिल्याबद्दल मजवर जो खटला व्हावयाचा तो व्हावा. मी वकील देणार नाही. ज्योतीरामला दि. ३० च्या आत दाखला मिळावा. उरलेल्या दहांसाठी पुरवणी दिवाबत्तीच्या दप्तरातून काढून पहिल्या पानास पुन्हा जोडावी व दोन्ही पाने एका बैठकीत वाचावीत. नाव काढताच येत नसेल तर निदान माझे नाव घालावे. घालावयाची रीत आहे, असे भाऊसाहेब म्हणाले आहेत.

११. हुकूम येईल तेव्हा येईल. येत्या रविवारी, दि. २७ रोजी, सायंकाळी पाच वाजता मी चौकीच्या व्हरांड्यात सातव्या जागी हजर असेन. ज्योतीरामच्या टाळांची जोडी दारात जमादारांकडे जमा करीन व रिकामे हात मांडीवर ठेवून बसेन. समोर मालोजी बसणार आहे. त्यास बोलावणे नाही, येऊ नको असे मी त्याच्या कानात तीनदा सांगितले, ते त्यास ऐकू आले नाही.

आपला नम्र व कसूरवार,
उद्धव रामजी थोपटे
(सही)
मौजे रहाटणी, दि. २३ नोव्हेंबर १९५५.

सोबत :
१. मालोजी थोपटे यांचा अंगठा. जबाबाची जागा त्यांच्या म्हणण्यावरून कोरी ठेवली आहे.
२. पुरवणीच्या पानाची आठवणीवरून केलेली नक्कल. गॅसबत्तीची मागणी गाळली आहे.
३. ज्योतीराम यास आलेल्या कारखान्याच्या पत्राची नक्कल. मूळ पत्र कौशल्याबाईंनी देवापुढे ठेवले असून त्या ते देत नाहीत.