मॉरिसमधला बिघाड

राहुरी,
सोमवार, दुपार

प्रिय राजी,

हे पत्र मिळालं की लगेच फोन करू नकोस. आधी शेवटपर्यंत वाच. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू दुसऱ्या ओळीलाच फोन केला असतास, आणि या घरात कुणाचाही फोन वाजला तरी बाबाच उचलतात आणि स्पीकरवर टाकतात. म्हणून पोस्टाने पाठवते आहे. आत्ता ते अंगणात मॉरिस गाडीपाशी आहेत. खिडकीतून त्यांची पाठ दिसते. ती दिसते आहे तोवर मी लिहू शकते.

तुझ्या नव्या घराचे फोटो पाहिले. ओट्यावर उजेड छान येतो. इथे सगळं नेहमीसारखं आहे, असं मी तुला फोनवर सांगते. शेजारच्या बायडाबाईंनी परवा त्यांच्या झाडाच्या कैऱ्या आणून दिल्या. ‘लोणच्याला उशीर नका करू बाई, मऊ पडत्याल,’ म्हणाल्या. टोपली तशीच आहे. चिरायला बसले की उजव्या हाताची बोटं आखडतात. का, ते पुढे येईल.

तू चार वर्षांची होतीस तेव्हा बाबांनी ही गाडी भिंगारच्या एका निवृत्त कर्नलकडून बावीस हजारांना घेतली. तेव्हाही ती पस्तीस वर्षांची होती. वळताना तिच्या दाराजवळच्या खांबातून पिवळ्या दिव्याचा छोटा हात बाहेर यायचा आणि मुळा धरणाकडे जाताना तू प्रत्येक वळणाला टाळ्या वाजवायचीस. गाडीबरोबर लालमहंमद आपल्याकडे आले. नगरला त्यांचं गॅरेज, पण महिन्यातून एक रविवार आपल्या अंगणात. जो पार्ट मिळत नसे तो ते ओळखीच्या लेथवर करून घ्यायचे. गाडीचा वर्षाचा खर्च तुझ्या शाळेच्या फीपेक्षा कमी आहे, हे बाबा पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे. छंद म्हणजे परवडणारा मूर्खपणा, असं म्हणायचे. मग तो परवडेनासा होत गेला. जुन्या बाजारातले सुटे भाग संपले. लेथवाले वारले, त्यांच्या मुलांनी गाळे भाड्याने दिले. पार्ट परदेशातून पार्सलने येऊ लागले आणि जवळपास पार्टाइतकीच त्यावर कस्टम. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलं तशा रबरी नळ्या लवकर जायला लागल्या, असं बाबा म्हणतात. तीस वर्षं साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून त्यांनी मळीपासून तेच गाळलं. ‘आपणच गाळलेलं आपल्याच गाडीला पाजायचं,’ म्हणून हसायचे. हे सगळं तुला माहीत आहे. पण गेल्या सव्वा वर्षात जे साडेचार लाख गेले, ते यातल्या कशाने गेलेले नाहीत. ते माझ्यामुळे गेले.

गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही नगरहून परत येत होतो. दुपारचे साडेतीन. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता. बाबा लालमहंमदचं काहीतरी सांगत होते. ‘लालू म्हणतो की,’ एवढं म्हणाले आणि पुढचं आलं नाही. मी वाट पाहिली. मग बघितलं. डोळे उघडे होते. ओठ काही चघळल्यासारखे हलत होते. हात स्टिअरिंगवर होते, पण ते धरलेले नव्हते, ठेवलेले होते. मी हाक मारली. पाय ॲक्सिलरेटरवरच होता. उसाची टोकं काचेत मोठी होत गेली. मी किल्ली फिरवून बंद केली, डाव्या हाताने स्टिअरिंग माझ्याकडे ओढलं आणि दोन सीटमधला हँडब्रेक वर खेचला. गाडी कडेच्या मातीत उतरून थांबली. मागून एक कंटेनर हॉर्न देत गेला. मग मी एक गोष्ट केली. किल्ली पुन्हा होती तशी फिरवून ठेवली. का, ते मला आजही सांगता येत नाही. गॅस बंद करून झाकण जागेवर ठेवावं तशी ठेवली.

ते परत आले तेव्हा त्यांनी आधी रस्ता बघितला, मग माझ्याकडे बघितलं. ‘काय झालं?’ असं विचारलं. त्यांचा चेहरा असा होता की मी म्हणाले, ‘बंद पडली.’

त्यांना लगेच बरं वाटलं. ते मला दिसलं. खाली उतरले, बॉनेट उघडलं, पंपाची टकटक ऐकली आणि म्हणाले, पेट्रोल येतंय, म्हणजे दोष करंटचा आहे. गाडी पहिल्याच खेपेला सुरू झाली. घरी येईपर्यंत ते तिच्याबद्दल बोलत होते. मी हो हो म्हणत होते. माझा हात हँडब्रेकवर होता, आणि त्यानंतर प्रत्येक फेरीत तो तिथेच राहिला आहे.

तिथून शोध सुरू झाला. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल. मग कार्बोरेटर. मग पंप, तो इंग्लंडहून आला. लालमहंमद दर वेळी गाडी फिरवून आणायचे आणि मान हलवायचे. एकदा आपल्याच अंगणात, चहा पिता पिता, बाबांना म्हणाले, ‘साहेब, बैल ठणठणीत हाय. कशाला टोचता त्याला? एकदा गाडीवानाला इचारा.’ बाबा मोठ्याने हसले. मी हसले नाही, आणि लालमहंमदनी ते पाहिलं. त्या दिवसापासून त्यांनी प्रत्येक पार्टची किंमत वाढवून सांगायला सुरुवात केली. हा मिळत न्हाई, तो दुप्पट झालाय, आता सोडून द्या, गाडीला झोपू द्या. बाबा प्रत्येक वेळी तेवढे पैसे काढून देत. ते जादाचे पैसे लालमहंमदनी एका पाकिटात ठेवले आणि नंतर माझ्या हातात दिले. ‘वहिनी, महाग सांगितलं की सोडत्याल असं वाटलं हुतं. तुमचा माणूस लई चिवट.’ त्यांनी मला काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आम्हां दोघांनाही ठाऊक आहे.

दिवाळीनंतर बाबांनी गाडी त्यांच्याकडून काढून सुप्याला नेली. तिथे एमआयडीसीत करण नावाचा एक मुलगा जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देतो. जाताना बाबा लालमहंमदना चारचौघांत म्हणाले, ‘लालू, तुझे डोळे गेले. हात तर कधीच गेले.’ चौतीस वर्षांची ओळख आहे, राजी. लालमहंमदनी टोपी काढून डोकं पुसलं आणि म्हणाले, ‘गेले असतील साहेब.’ मी तिथे उभी होते. तेव्हाही बोलले नाही. प्रत्येक नव्या पार्टबरोबर खरं सांगणं आणखी महाग होत गेलं. करणला मी दोष देत नाही. त्याला सांगितलेला बिघाड तो शोधतो आहे. जो बिघाड मेकॅनिकसमोर कधीच होत नाही, त्याला शेवट नसतो.

तो बिघाड माझ्यासमोर होतो. मार्चमध्ये जेवताना झाला. घास हातात होता, नजर भिंतीवर. मी मनात आकडे मोजले. नऊ. पावसाळ्यात दाढी करताना झाला. चौदा, आणि हनुवटीवर साबण सुकून गेला. दसऱ्याला आपट्याची पानं देताना, समोर माणूस असताना झाला, त्या माणसाला वाटलं साहेब गहिवरले. नंतर त्यांना काहीही आठवत नाही. मधलं वाक्य गाळून ते पुढे बोलायला लागतात. मी एकटी नगरला डॉक्टरांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, फिटच्या झटक्याची अशी एक जात असते, माणूस पडत नाही, नुसता हरवतो. त्यांना घेऊन या, तपासू. बहुतेक वेळा गोळ्यांनी आटोक्यात येतं. तोवर गाडी चालवू देऊ नका. फार साधं होतं ते. घरी येऊन मी बाबांना म्हणाले, एकदा डोकं तपासून घेऊ या का? त्यांनी चष्मा वर केला. ‘डोकं कुणाचं? अगं, बंद माझी गाडी पडली.’ तेव्हा सांगायला हवं होतं. मी भाजी फोडणीला टाकली.

आत्ता खिडकीतून पाहिलं. त्यांचा हात बॉनेटवर थांबला आहे, फडक्यासकट. मी मोजते आहे.

सहा. हलला. नुसता विचार करत होते.

हे असं दिवसभर चालतं. ते वर्तमानपत्र वाचत असतील तर पान उलटेपर्यंत मी दारात उभी राहते. ते न्हाणीघरात असतील तर पाण्याचा आवाज ऐकते. गेल्या महिन्यात कागद आवरताना मला दिसलं की मेडिक्लेमचा हप्ता त्यांनी भरलेला नाही. गाडीचा विमा भरला आहे, तो मात्र वेळेवर. विचारलं तर म्हणाले, मला काय झालंय? धडधाकट माणसाचे पैसे वाचवले आणि आजारी गाडीवर लावले, यात चुकलं काय? त्यांच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. तो हिशेब मी त्यांना शिकवला.

तू त्यांच्या एकाहत्तरीला पैसे पाठवलेस. मी तुला म्हणाले होते, कशाला एवढे. तू म्हणालीस, त्यांना दुसरा आनंद कुठला आहे. त्या पैशांतून करणने पूर्ण वायरिंग बदललं, आणि शुक्रवारी गाडी घरी आली. बाबा तिच्याभोवती दोनदा फिरले. म्हणाले, ‘आता बंद पडूनच दाखव म्हणावं.’ इतके खूश मी त्यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं. दार उघडून मी आत पाहिलं तर डावी सीट नव्हती. मागची बैठकही नव्हती. करणने दोन्ही काढून ठेवल्या आहेत, मूळच्यासारखं कातडं चढवून द्यायला. दोन आठवडे लागतील. आत ड्रायव्हरची तेवढी सीट आहे आणि बाकी उघडा पत्रा.

आणि रविवारी सकाळी ते ती गाडी घेऊन एकटे तुझ्याकडे पुण्याला येणार आहेत. तुला न कळवता. ‘तिच्या पैशांनी झाली, तिला पहिली दाखवायची. दारात हॉर्न वाजवतो बघ,’ असं म्हणाले, आणि मी तुला सांगू नये म्हणून माझ्याकडून वचन घेतलं. नगर, सुपा, शिरूर, रांजणगाव. तो रस्ता तुला माहीत आहे. मी म्हणाले, मी पत्र्यावर पाट टाकून बसते. ते हसले. दोन आठवडे थांबा म्हटलं, तर म्हणाले, सव्वा वर्ष थांबलो. आज सकाळी ते अंघोळीला गेल्यावर मी लालमहंमदना फोन केला. त्यांनी सांगितलं, ‘डिस्ट्रिब्युटरचं टोपन उघडा वहिनी, आत बोटाएवढा रोटर आसतोय, तेवढा उचला. हालायची न्हाई.’ मी बॉनेट उघडलं. रोटर काढला. तो मुठीत घेऊन उभी राहिले. आतून बादलीत पाणी पडत होतं. रविवारी गाडी सुरू होणार नव्हती, पण दोष पुन्हा गाडीलाच लागणार होता. नवा रोटर आला असता, गाडी पुन्हा रस्त्यावर आली असती, आणि मी पुन्हा हो हो म्हणाले असते. पाणी थांबायच्या आत मी तो परत बसवला.

म्हणून हे पत्र. बुधवारी, फार तर गुरुवारी तुला मिळेल. शनिवारी सकाळच्या एसटीने ये. त्यांना सहज आले म्हण. शनिवारी जेवणं झाली की मी त्यांना सांगणार आहे, तू पोचलीस तरी आणि न पोचलीस तरी. ती दुपार, पुढच्या सगळ्या वेळा, डॉक्टर, लालमहंमदचं पाकीट, सगळं क्रमाने सांगायचं मी ठरवलं आहे. पण ते क्रमाने ऐकणार नाहीत. मी त्यांना ओळखते. ते मधेच थांबवतील आणि विचारतील, मग त्या दिवशी गाडी बंद केली कुणी? तेव्हा मला ‘मी’ म्हणावं लागेल, आणि मग त्यांच्या तोंडाकडे बघावं लागेल. ते ओरडतील याची मला भीती वाटत नाही. ते काहीच बोलले नाहीत, तर मी मोजायला लागेन, आणि ते हरवले आहेत की त्यांना कळलं आहे, हे मला एकटीला ओळखता येणार नाही. त्या वेळी तू खोलीत अस.

तुझीच,
आई