जहाजावरची माणसं

पप्पा, संडे स्कूलच्या खोलीतलं आपलं जहाजाचं चित्र आज भिंतीवरून उतरवलं. खोलीचे पत्रे पार कामातून गेलेत, तेव्हा चित्र विकून छप्पर घालावं असं चर्चच्या पंच कमिटीचं ठरलं आणि किंमत करायला पुण्याहून एक बाई आल्या. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ती शिडं टेबलावर आडवी पडलेली बघून तुम्हालाच हाक मारावीशी वाटली.

बाई मन लावून काम करणाऱ्या. फ्रेम उलटी करून त्यांनी कापड पाहिलं, खिळे पाहिले. "एकोणिसाव्या शतकातलंच आहे. समुद्र फार सुरेख रंगवलाय," म्हणाल्या. मग खिडक्या लावून, नंतर लावलेला रंग ओळखू येतो तो जांभळा दिवा धरला. जुनं वार्निश हिरवट उजळलं आणि डेकवरची माणसं तेवढी काळ्या डागांसारखी उठून आली. "ही नंतर कुणीतरी घातलीत. हौशी हात आहे. पुसून निघतील, मग भाव चांगला येईल." कमिटी खूश. मला मात्र तो दिवस आठवला.

मी आठ वर्षांची, टर्पेंटाइनची वाटी धरून तुमच्या स्टुलाशी उभी आहे. जामखेडकडून आलेली एक मुलगी तुम्हाला विचारून गेलीय, "गुरुजी, ह्यात मानसंच न्हाईत, मग जहाज चालवतंय कोन?" तुम्ही शाळेचे ड्रॉइंगमास्तर, उत्तर ब्रशानेच देणार. पागोटेवाला एक, लुगड्यातल्या दोघी, एकीच्या कडेवर पोर. तेवढ्यात पाळकसाहेब येतात आणि भडकतात. "मास्तर, असल्या जहाजातनं मिशनरी आले. आपली मानसं कुठं हुती त्यात?" तुम्ही ब्रश पुसत म्हणता, "तवा नसतील साहेब. आता बसलीत. उतरवता का?" पाळकसाहेब हसू दाबत निघून जातात.

आज मी कमिटीला सांगून टाकलं, तो हौशी हात माझ्या वडिलांचा. माणसं पुसू नका, पैसे कमी आले तर निम्मे पत्रे यंदा टाकू, निम्मे पुढे. मग आताचे पाळक, आपल्याच मंडळीत वाढलेले, म्हणाले, "लहानपणी मी त्या माणसांकडंच बघत बसायचो. नुसता समुद्र कोण बघतंय?" बाईही म्हणाल्या, शिक्षकाने घातलेली माणसं असं स्पष्ट लिहून देते, असंही चित्र घेणारे असतात. हात वर झाले. जहाज जाईल पप्पा, पण भरलेलं जाईल, आणि पोरं पावसाळ्यात कोरडी बसतील.

पुढचं मात्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच लिहिते. बाईंनी मला भिंग दिलं होतं, मी पोटभर पाहिलं. तुम्ही वांगी, मडकी झकास काढायचात, माणसं काही तुम्हाला जमली नाहीत. पागोटेवाल्याला तर मानच नाही. कमिटीनं विचारलं, कशी आहेत? मी म्हणाले, फार सुंदर. धडधडीत खोटं बोलले, आणि इतकं बरं वाटलं.