पिशवीसकट लावलेली रोपं

चिमणे, तुला मामाचे आशीर्वाद.

ताईचे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला गेला का? आणि तुझ्या तळहातावरचे फोड? कुदळ धरली की ते यायचेच.

ताई सांगत होती, बंगल्यातल्या तुझ्या पहिल्याच बागेतली रोपं वाळली. मालकीणबाई म्हणाल्या, "बाग मागितली होती, सरपण नव्हे!" आता तू बागकामच सोडायला निघालीस. रोपं पिशवीसकट लावली होतीस, हेही तिनं सांगितलं, आणि मी हातातला घास ताटात परत ठेवला.

खरं सांगतो. मीही माझ्या पहिल्या बागेत चाळीस रोपं प्लास्टिकच्या पिशवीसकट पुरली होती. सगळ्यांनी माना टाकल्या. खापर रोपवाटिकेवर फोडलं आणि मोकळा झालो. तुला शिकवताना "मुळांना धक्का लावू नकोस" एवढंच म्हणालो. पिशवी फाडायची हे सांगायला गेलो असतो, तर माझी फजिती बाहेर आली असती. मोठा आलाय बागवान!

तुझी बाग माझ्या लाजेनं वाळली, पोरी. काम सोडू नकोस. नवी रोपं घेऊन मी येतो, पिशव्या मीच फाडीन, मालकीणबाईंच्या देखत.

वरचं लिहून तीन दिवस झाले, पत्र चष्म्याच्या डबीखाली पडून आहे. टपालपेटीत टाकायला हात धजत नाही. तरी उत्तर लवकर लिही.

तुझा,
मामा